लाट नातवाची, ओसरी आजीची

शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षा आटोपत आल्या की कळंबमधील माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आम्ही समुद्रावर चाललोय. आईंना बरोबर नेलं तर चालेल का?" विचारणारा मुलगा असतो किंवा सून असते. ज्यांच्याविषयी विचारले जाते त्या आई शेजारच्या खुर्चीवर बसून "मला नका नेऊ, मी घर राखते" असे पुटपुटत असतात. मी रक्तदाब मोजते, साखरेचा अहवाल पाहते, छाती तपासते आणि बहुतेक वेळा न्यायला हरकत नाही असे सांगते. अलीकडे मात्र मी त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारू लागले आहे. "उतरणार कुठे?"

हा प्रश्न मला वैद्यकाच्या पुस्तकाने शिकवलेला नाही. तो एका चुकीतून आला, आणि ती चूक माझ्याच घरात घडली.

माझ्या सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे झिजलेले, रक्तदाबाची गोळी सकाळी, साखरेसाठी रात्री इन्शुलिन. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे आहार कटाक्षाने शाकाहारी. आयुष्यभर त्यांनी पाहिलेले मोठे पाणी म्हणजे पंढरपूरची चंद्रभागा आणि कळंबजवळचे धनेगावचे मांजरा धरण. धरण भरलेलेही त्यांनी पाहिले आणि तळाच्या भेगा पडलेलेही पाहिले. अशा बाईला एकदा समुद्र दाखवावा, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही मालवणच्या बाजूला गेलो. मुक्कामाची जागा माझ्या मुलाने मोबाईलवर फोटो पाहून निवडली आणि मीही मान डोलावली. फोटोत खिडकीभर समुद्र होता. तो ज्या खिडकीतून दिसत होता ती खोली वरच्या मजल्यावर होती. फोटोत जिना नव्हता.

जिन्याला अकरा पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. सासूबाई पहिल्या दिवशी कशाबशा वर चढल्या आणि त्यानंतर खाली यायला तयार होईनात. आम्ही तारकर्लीच्या वाळूवर फिरलो, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम पाहिला, नावेत बसून सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन आलो. त्या खोलीत दूरदर्शन संचासमोर बसून राहिल्या. "मला इथूनच दिसतंय की," असे म्हणत राहिल्या. दुसऱ्या रात्री लघवीला उठल्या, न्हाणीघराचा उंच उंबरा अंधारात दिसला नाही, आतली गुळगुळीत फरशी ओली होती. पडल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले. जवळच्या सरकारी रुग्णालयात कच्चे प्लास्टर घालून आम्ही दुसऱ्या दिवशी परतीची वाट धरली. गाडीत त्या एकच वाक्य पुन:पुन्हा बोलत होत्या. "म्हणत होते ना, मला नका नेऊ." त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दिवसभर इतरांना पडण्यापासून जपा म्हणून सांगणारी मी, घरच्या माणसासाठी खोली निवडताना खिडकी पाहिली आणि उंबरा पाहिला नाही.

नव्या जागी वृद्ध माणसे रात्रीच का पडतात, हे समजून घेणे उपयोगी आहे. आपल्या घरी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट पायांना पाठ असते. डोळे अर्धवट मिटलेले असले तरी पाय बरोबर पडतात. परक्या खोलीत ही आठवण उपयोगाची नसते. उतारवयात डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अधिक वेळ लागतो. झोपेतून एकदम उठले की रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि तोल जातो. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी हे वाढते. पुरुषांना प्रोस्टेटमुळे, स्त्रियांना मूत्राशयाच्या कमजोरीमुळे, तर मधुमेहींना साखरेमुळे रात्री दोन-तीनदा उठावे लागते. या साऱ्या गोष्टी एका उंबऱ्यापाशी एकत्र येतात.

मनगट बरे झाले, पण सासूबाई पुन्हा प्रवासाचे नाव घेईनात. मग गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाने, म्हणजे त्यांच्या नातवाने, एक नवेच खूळ काढले. त्याला सर्फिंग शिकायचे होते. फळीवर उभे राहून लाटेसोबत किनाऱ्याकडे येण्याचा हा खेळ मूळचा हवाई आणि आसपासच्या बेटांवरील पॉलिनेशियन लोकांचा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो प्रथमच आला आणि आपल्याकडील तरुणांचेही लक्ष त्याकडे वेधले गेले. कर्नाटकात मंगळूरजवळचे मुल्की हे भारतातील सर्फिंगचे एक जुने केंद्र. आपल्याला त्यामानाने जवळ पडते ती उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्याची किनारपट्टी. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी अशी गावे तिथे उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने लागतात. मुलगा म्हणाला, "आजी आली तरच मी जाणार." ही गळ मात्र सासूबाईंना टाळता आली नाही.

या वेळी जागा शोधण्याचे काम मी स्वत:कडे घेतले, आणि शोधताना एक गोष्ट लक्षात आली. सर्फिंग शिकणाऱ्या नवख्याला जो किनारा लागतो, तोच किनारा वृद्ध माणसालाही लागतो. जिथे तळ खडकाळ नाही, वाळूचा आहे. जिथे उतार हळुवार आहे, म्हणून लाट दूरवर फुटते आणि किनाऱ्याशी येईपर्यंत शांत होते. जिथे कंबरभर पाण्यात उभे राहून शिकता येते, तिथेच घोट्याएवढ्या पाण्यात म्हाताऱ्या माणसाला निर्धास्त उभे राहता येते. ज्या किनाऱ्यावर वाळू एकदम खोल उतरते, तिथे लाट पायाशीच आदळते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. तो किनारा दोघांनाही नको. आश्वे आणि मांद्रे येथील किनारा ओहोटीच्या वेळी रुंद आणि सपाट असतो. अधूनमधून काळे खडक डोके वर काढतात, तेवढे टाळायचे.

किनारा ठरला, तरी मुक्काम ठरत नाही. हरमलला वर्दळ मोठी, आणि हंगामात काही भागांत रात्री उशिरापर्यंत संगीत चालते. ज्यांची झोप आधीच हलकी आहे त्यांना तिथे त्रास होतो. मांद्र्याला काही ठिकाणी वाळूवर जाण्यापूर्वी एक लहानसा ओहोळ आडवा येतो आणि त्यावर बांबूचा साकव असतो. तरुणांना तो साकव सुंदर वाटतो. काठी टेकत चालणाऱ्याला तो ओलांडवत नाही. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदीचे मुख आहे. नदीमुखाशी प्रवाह फसवे असतात, म्हणून तिथे पाण्यात उतरू नये. त्याच मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात. तो भाग राखीव ठेवलेला असतो आणि रात्री तिथे दिवे व गोंगाट नको, हा नियम पाळायला हवा. किनाऱ्यालगत हंगामात लाकडाच्या आणि बांबूच्या झोपड्या उभ्या राहतात आणि पावसाळ्यापूर्वी उतरवल्या जातात. समुद्र अगदी पुढ्यात असतो, पण त्यांतल्या कित्येक खांबांवर उभारलेल्या असतात. पुन्हा पायऱ्या आल्या. न्हाणीघरे चिंचोळी, आणि गाडी दारापर्यंत येत नाही. रात्री रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली, तर रुग्णाला वाळूतून उचलून न्यावे लागेल, हा विचार त्या देखाव्यासमोर सुचत नाही.

म्हणून मी किनाऱ्याची रांग सोडून गावाच्या बाजूला पाहू लागले. आश्वे-मांद्र्याच्या पट्ट्यात, रस्त्याच्या आतल्या अंगाला, घरमालक स्वत: राहतात आणि दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात अशी घरे आहेत. मी पाच-सहा ठिकाणी फोन केले आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले. हे प्रश्न वाचकांनी उतरवून घ्यावेत, अशी माझी विनंती आहे.

पहिला प्रश्न. गाडी थांबते तिथून पलंगापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि त्यांना धरायला कठडा आहे का? "तळमजला आहे" या उत्तरावर थांबू नये. तळमजल्यालाही चार पायऱ्यांचे जोते असू शकते.

दुसरा प्रश्न न्हाणीघराचा. कमोड आहे का, त्याच्या शेजारी भिंतीला धरायला दांडी आहे का, उंबरा किती उंच आहे, फरशी खरखरीत आहे की गुळगुळीत, अंघोळीची आणि कमोडची जागा वेगळी आहे का. दांडी सहसा नसते. अशा वेळी खाली रबर असलेली प्लास्टिकची भक्कम खुर्ची मिळेल का, हे विचारावे आणि अंघोळ बसूनच करावी. रबरी चटई मात्र घरूनच न्यावी.

तिसरा प्रश्न. पलंग किती उंच आहे? बसल्यावर पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात राहिले पाहिजेत. फार खालच्या गादीवरून गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही.

चौथा प्रश्न. वीज गेली तर काय सोय आहे, आणि फ्रिजमध्ये औषध ठेवू द्याल का?

पाचवा प्रश्न. दारापासून वाळूपर्यंतची वाट कशी आहे? फरसबंद, मातीची, की भुसभुशीत वाळूची? अंतर मीटरमध्ये विचारू नये. "तुमच्या घरातली म्हातारी माणसे चालत जातात का?" असे विचारावे. खरे उत्तर मिळते.

सहावा प्रश्न. जवळचा डॉक्टर किती दूर आहे आणि रुग्णवाहिका दारापर्यंत येते का? पेडण्याला सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, म्हापशाला जिल्हा रुग्णालय आहे आणि पणजीजवळ बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. त्या महाविद्यालयाची परंपरा १८४२ पर्यंत मागे जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्राप्रमाणेच गोव्यातही आहे. मालवणच्या बाजूला जाणाऱ्यांनी मालवणचे ग्रामीण रुग्णालय आणि ओरोसचे जिल्हा रुग्णालय लक्षात ठेवावे.

सातवा प्रश्न मी सर्वांत शेवटी विचारला, आणि आज मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिवसा घरात कोणी असते का?

यानंतर फोटोंऐवजी व्हिडिओ मागवावा. फाटकापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, मध्ये न थांबवता काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ. फोटो काय दाखवायचे ते निवडतो; चालत काढलेल्या व्हिडिओत उंबरा लपत नाही. पाचांपैकी दोघांनी व्हिडिओ पाठवला. त्यांपैकी एका घराची ओसरी रुंद होती, पुढे तुळशीवृंदावन होते, आणि मालकीणबाई व्हिडिओ काढता काढता स्वत:शीच म्हणत होत्या, "हांगा सांबाळून." आम्ही तेच घर घेतले. तिथून समुद्र दिसत नव्हता; गाज मात्र ऐकू येत होती.

जागेइतकीच वेळ निवडणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास या किनाऱ्यावर भरती साधारणत: मध्यान्हाच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. म्हणजेच पहाटे आणि सायंकाळी ओहोटी असते. ओहोटीने मागे ठेवलेली ओली वाळू टणक असते. तिच्यावर काठी रुतत नाही आणि चाकांची खुर्चीही बऱ्यापैकी ढकलता येते. पुढे दर दिवशी भरती पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येत जाते. अष्टमीच्या सुमारास ती सकाळ-संध्याकाळच येऊ लागते, आणि नेमक्या फिरण्याच्या वेळी चालायला पायांना जड जाणारी कोरडी वाळू तेवढी उरते. आम्ही माघी पौर्णिमेच्या आसपासचे चार दिवस धरले. थंडी सरलेली, उन्हाळा यायचा होता. नक्की वेळ मात्र त्या त्या दिवशी किनाऱ्यावरील मच्छीमारांना किंवा जीवरक्षकांना विचारावी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरतीही मोठी असते, हे पोहणाऱ्यांनी विसरू नये. पावसाळ्याचे चार महिने मात्र हा समुद्र कोणासाठीच नाही.

कळंबहून हा प्रवास चारशे किलोमीटरहून अधिक आहे. एका दिवसात तो उरकण्याचा हट्ट आम्ही सोडला. बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज असे करत कोल्हापूरला रात्रीचा मुक्काम केला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आले ते याच मिरजेहून. गाव ओलांडताना सासूबाईंनी त्याची आठवण काढली. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून त्यांना दहा पावले चालवले. चार तासांहून अधिक काळ पाय लोंबकळत बसून राहिल्यास पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गाडीतही पावले वरखाली हलवत राहावी. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे आणि लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करणे, या दोन चुका माझे बहुतेक वृद्ध रुग्ण प्रवासात करतात. गोळीची वेळ बदलायची असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे दुपारी मुक्कामी पोहोचलो.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास आम्ही सामान उघडले नाही. सासूबाईंना पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चार वेळा चालवले. दोनदा दिवा लावून, दोनदा पडदे ओढून. पायातली पायपुसणी गुंडाळून ठेवली, भिंतीतल्या सॉकेटला घरून आणलेला रात्रीचा दिवा लावला, काठीच्या टोकाला नवे रबर बसवले होते ते पुन्हा पाहिले. उठल्यावर एक मिनिट पलंगाच्या कडेला बसायचे, मग उभे राहायचे, हे ठरले. उशाशी पूजेची घंटी ठेवली. ती वाजली की मी उठणार. चार रात्री ती सात वेळा वाजली आणि मला एकदाही राग आला नाही.

सकाळी मुलगा चालतच किनाऱ्यावर जाई. वारा सकाळी मंद असतो, दुपारनंतर समुद्राकडून जोर धरतो आणि लाटा विस्कटतात. म्हणून शिकवणी सकाळीच असते. प्रशिक्षकाने पहिला तास वाळूवरच घेतला. फळीवर पालथे पडायचे, हातांनी उठायचे, पाय रोवायचे. फळीची दोरी घोट्याला बांधायची आणि पडताना डोक्यावर हात घ्यायचे. मग त्याने समुद्रातली ओढ दाखवली. किनाऱ्यावर आलेले पाणी वाळूच्या दोन उंचवट्यांमधील घळीतून वेगाने परत जाते. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून ती जागा शांत आणि नवख्याला सुरक्षित वाटते; बुडण्याच्या घटना तिथेच घडतात. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर यावे किंवा तरंगत राहून हात वर करावा. काठावरील आई-वडिलांनी आणि आजोबांनी वाचवायला स्वत: उडी घेऊ नये. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून नेमलेले जीवरक्षक आहेत. त्यांना हाक मारावी. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पाण्यात उतरावे, लाल झेंडा असेल तिथे उतरू नये.

मी मुलासोबत किनाऱ्यावर असताना सासूबाई ओसरीवर असत. पहिल्याच सकाळी त्या मालकीणबाईंसोबत तुळशीला पाणी घालताना दिसल्या. पेडणे तालुका अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीच्या राज्यात होता आणि तिथे मराठीचा वावर आजही आहे. एकीची कोकणी, दुसरीची मराठवाडी बोली, पण दोघींना विषयांची वाण पडली नाही. माळकरी आहेत हे कळल्यावर बाईंनी मासळीची भांडी बाजूला ठेवून वेगळ्या कढईत वालीची भाजी केली. सासूबाईंनी त्यांना ज्वारीची भाकरी थापून दाखवली. पीठ आम्ही बरोबर नेले होते. त्या दुपारी मला पहिल्या सहलीतली खरी चूक उमगली. मनगट तर सहा आठवड्यांत जुळले होते. पण दोन दिवस त्या खोलीत त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हते आणि आम्ही त्याला विश्रांती समजलो होतो. आई खोलीत आराम करते आहे, असे आपण म्हणतो. ती तिथे अडकलेली असते. घरात माणूस असलेली जागा शोधावी ती यासाठी. त्याचा दुसरा लाभ काळजी घेणाऱ्याला होतो. मलाही रोज सकाळी दोन तास लाटांकडे पाहत नुसते बसता आले. वर्षानुवर्षे घरातील आजारपण सांभाळणाऱ्यांना अशा दोन तासांची किंमत वेगळी सांगायला नको.

किनाऱ्यावरील हवेबद्दल आपल्या भागातील वाचकांना थोडे सांगायला हवे. आम्ही ४२ अंशांचा कोरडा उन्हाळा सोसणारी माणसे, तेव्हा ३२-३३ अंशांचे काय, असे आपल्याला वाटते. कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो आणि अंग थंड होते. दमट हवेत तो अंगावरच राहतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि माणूस लवकर थकतो. त्यातच उतारवयात तहान कमी जाणवते. म्हणून ११ ते ४ सावलीत राहावे आणि तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी आपले प्रमाण आधी विचारून घ्यावे. शहाळे सर्वांना चांगले, हाही एक समज. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी आणि रक्तदाबाची किंवा हृदयाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सुकी मासळी, लोणचे, पापड यांतले मीठ पायांवर सूज आणते.

वापरात असलेले इन्शुलिन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते, पण उन्हात उभ्या गाडीत नाही. ते थंड पिशवीत किंवा ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवावे. न उघडलेला साठा फ्रिजमध्ये ठेवावा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. औषधे दोन पिशव्यांत विभागावी, म्हणजे एक हरवली तरी अडणार नाही. औषधांची नावे, मात्रा आणि आजार एका कागदावर लिहून तो कागद खिशात ठेवावा. मधुमेहींनी वाळूवर अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या वाळूचा चटका किंवा शिंपल्याची चीर त्यांना कळत नाही. जखम असेल तर पाय समुद्रात बुडवू नयेत, कारण खाऱ्या पाण्यातील काही जिवाणू मधुमेही आणि यकृताच्या रुग्णांत गंभीर संसर्ग करतात. संध्याकाळी पाय गोड्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, उजेडात तळवे पाहावेत. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, बसल्याजागी दम लागतो आहे किंवा साखर आटोक्यात नाही, त्यांनी सहल पुढे ढकलावी. समुद्र कुठे जात नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओहोटी होती. आम्ही गाडीने वाट संपते तिथवर गेलो आणि पुढे सासूबाई माझा हात धरून टणक वाळूवरून पाण्यापर्यंत चालत आल्या. प्लास्टिकची खुर्ची आम्ही बरोबर नेली होती. पायात मागे पट्टा असलेल्या चपला होत्या. घोट्यापर्यंत पाणी आले तेव्हा त्यांनी माझे मनगट घट्ट धरले, मग सोडले. वाकणे जमत नव्हते, म्हणून मी ओंजळीत पाणी दिले. चंद्रभागेवर लावतात तसे त्यांनी ते डोळ्यांना आणि कपाळाला लावले. समोर नातू तीन-चारदा पडला आणि एकदा जेमतेम पाच आकडे मोजेपर्यंत फळीवर उभा राहिला. त्या मोठ्याने म्हणाल्या, "उभा राहिला गं!" आणि खुर्चीत बसून बराच वेळ तिकडेच पाहत होत्या.

परतताना त्यांनी मालकीणबाईंना पंढरीला येण्याचे आमंत्रण दिले आणि गाडीत बसताना मला विचारले, "पुढच्या वर्षी पौर्णिमा कधी आहे?"

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातील कोणी "तुम्ही जाऊन या, मी घर राखते" असे म्हणाले, तर ते लगेच खरे मानू नका. पुष्कळदा त्या वाक्याच्या मागे जिन्याची, न्हाणीघराची आणि आपले ओझे होण्याची भीती असते. त्यातील पहिल्या दोन भीती एका फोनने दूर करता येतात. तो फोन खोलीच्या खिडकीबद्दल विचारण्याआधी उंबऱ्याबद्दल विचारण्यासाठी करा. तिसरी भीती घालवायला दिवसभर गप्पा मारणारे कोणीतरी लागते, आणि सकाळी दोन तास ते काम शेजारची ओसरीही करते.